न्हाणीघराची भिंत

नृसिंह मास्तरांना सरळ रेषेचं भारी वेड. जन्मभर त्यांनी पोरांना चित्रकला शिकवली. वर्तुळ बसकं आलं तर एक वेळ चालायचं, पण रेघ वाकडी आली की त्यांचं डोकं फिरायचं. निवृत्त झाल्यावर बागकामाचं एक विलायती पुस्तक त्यांच्या हाती पडलं. त्यात सफरचंदाचं झाड भिंतीला चिकटवून वाढवलेलं होतं, फांद्या दोन्ही बाजूंना ताणून तारांवर आडव्या बांधलेल्या. झालं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आपल्या टीचभर परसात असंच झाड हवं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

परसात भिंत म्हणावी अशी एकच, न्हाणीघराची. तिच्यावर त्यांच्या बायकोची, प्रमोदिनीबाईंची जाई चढलेली होती. लग्नानंतर आजऱ्याहून, माहेरच्या अंगणातून आणलेला तो वेल. मास्तरांनी ऐन पावसाळ्यात, कळ्यांनी लगडलेला असताना, तो बुंध्यातून तोडला. बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"गौरी-गणपती जाईपर्यंत तरी ठेवायचा होता," एवढंच म्हणाल्या.

"पहिलं सफरचंद तुझ्याच हातावर ठेवतो, मग बोल," मास्तर म्हणाले.

बंगळूरहून कलम आलं. कोवळ्या फांद्यांना सुतळी काचते म्हणून प्रमोदिनीबाईंनीच जुनी पातळं फाडून चिंध्या करून दिल्या. बहात्तरच्या दुष्काळातही अंघोळीचं पाणी त्या झाडालाच गेलं. झाड मास्तरांच्या फूटपट्टीबरहुकूम पसरलं, येणारा-जाणारा बघून तोंडात बोट घालायचा. फूल मात्र एक नाही. थंडीत हे झाड गाढ झोपलं तरच फुलतं, असं पुस्तक सांगत होतं. मग मास्तरांनी कोल्हापूरच्या हवेला नावं ठेवली, कलमवाल्याचा उद्धार केला, खत बदलून पाहिलं. भिंतीला बाहेरून हात लावून बघणं तेवढं राहिलं. कसं सुचणार? सकाळी ते त्याच भिंतीच्या आत कढत पाणी अंगावर घेत असत. प्रमोदिनीबाई पहाटे उठून उसाची चिपाडं घालून भिंतीलगतचा बंब पेटवत, पाणी काढून ठेवत आणि त्यांना हाक मारत.

जाईबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. केसांत फूल माळणंही त्यांनी सोडलं होतं, पण ते मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

एका श्रावणात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मास्तरांनी मग बंबाला हातच लावला नाही. गार पाण्याचे दोन-चार तांबे अंगावर घ्यायचे आणि बाहेर यायचं. त्या हिवाळ्यात झाडाची सगळी पानं झडली, आणि शिमग्याच्या सुमारास त्या आडव्या फांद्या गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरून गेल्या.

भांडी घासायला येणारी चिमणाबाई फुलं बघत भिंतीच्या कडेला टेकली आणि लगेच बाजूला सरकली.

"गार पडलीया की भिंत," ती म्हणाली. "बाई होत्या तवा थंडीत मी हितंच पाठ शेकत बसायची. बंबानं कशी ऊन ऊन असायची."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. झाडाला झोप लागेना म्हणून ते इतकी वर्षं चडफडले, आणि पलीकडून बायको बिचारी रोज त्यांच्यासाठी पाणी तापवत होती. ती गेली, भिंत निवली, म्हणून हा बहर. त्यांना स्वतःची विलक्षण शरम वाटली. यासाठी आपण तिची जाई तोडली. फांद्यांना बांधलेल्या चिंध्यांवर तिच्या पातळांचे विटके काठ अजून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंब पेटवला. धूर डोळ्यांत गेला, चिपाडं विझली, पुन्हा पेटवली. पाणी उकळायला लागलं तरी अंघोळीला न बसता ते परसात आले आणि फांद्यांमधून हात घालून तळवा भिंतीवर टेकवला.

"मास्तर, झळीनं फुलं गळतील की वो," चिमणाबाई म्हणाली.

"गळू देत," ते म्हणाले.

भिंत हळूहळू ऊन होत गेली. आतून हाक यायची वेळ टळून गेली, तरी मास्तर तिथेच उभे होते.