टाळ्या पडल्यानंतर

"मी प्यायचो, पण घरात कुणाला त्रास दिला नाही," लिफ्टवाला माईकसमोर म्हणाला. "कधी कुणावर हात उचलला नाही."

सभागृहात माना डोलल्या. दारू सोडून वर्ष झालं म्हणून व्यसनमुक्ती केंद्राने त्याला आज सगळ्यांसमोर उभं केलं होतं. त्याने केंद्राचे आभार मानले, कामावर परत घेणाऱ्या साहेबांचे मानले, आईचे मानले. शेवटी एकदम आठवल्यासारखं तिसऱ्या रांगेत बसलेल्या बायकोकडे हात केला. "हिनेही खूप सोसलं." टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईने तिचा हात दाबला आणि नशीबवान आहात म्हणाली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती एका दुकानाच्या माळ्यावर पडदे शिवायची. नवरा पीत होता तेव्हा तिचं खरं काम मात्र खोटं बोलणं हेच होतं. त्याच्या साहेबांचा फोन आला की ताप आहे, पोट बिघडलंय, पाय मुरगळलाय. सकाळी त्याला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सोडायच्या आधी ती त्याचं तोंड हुंगायची, कारण त्याच्या पान्यावर माणसांचे जीव टांगलेले असायचे. शेजाऱ्यांनी येणंजाणं कधीच सोडलं होतं. लेक शिक्षण संपताच लांबच्या शहरात नोकरीला गेली. फोन करायची, पण बाबा घरात नसताना.

तो कुठे पडलाय असं कळलं की तिला हातातली शिवण टाकून पळावं लागे. तेव्हा दुकानाच्या मालकाला ती सांगायची, वडील आजारी आहेत. वडील ठणठणीत होते. त्यांना हे कळल्यावर हसून म्हणाले होते, "पाड बाई मला आजारी. तेवढाच तुझ्या उपयोगी पडतो."

मग एका दुपारी खरंच भावाचा फोन आला, वडील अत्यवस्थ आहेत, लगेच ये. ती मालकापुढे जाऊन उभी राहिली. मालक चांगला माणूस होता, पण त्याचेही कान विटले होते. म्हणाला, पुन्हा वडील का, एवढे पडदे संपवा आणि मग जा. या वेळचं खरं आहे असं म्हणायला तिची जीभ उचलेना. तिने पडदे संपवले. ती पोचली तेव्हा भावाने वडिलांच्या तोंडावर चादर ओढली होती. नवरा त्या दिवशी जिन्यात आडवा होता. अंत्ययात्रेलाही उठला नाही.

आणि आज हा म्हणत होता, कुणाला त्रास दिला नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती केंद्राच्या समुपदेशक बाईंना कोपऱ्यात गाठून म्हणाली की तो प्यायचा तेव्हा एवढा राग येत नव्हता, आता तो सुधारलाय तर त्याचं तोंड पाहवत नाही, माझंच डोकं फिरलंय का. बाई म्हणाल्या, तेव्हा रागवायला तुम्हाला सवड कुठे होती.

"आणि मी बोलले, आणि तो परत प्यायला तर?"

"प्यायला तर ग्लास तो स्वतःच्या हाताने उचलेल. तुमच्या नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "हा आजार आहे, पुन्हा डोकं वर काढू शकतो. काढलंच तर पुन्हा उपचार करू. पण तुम्ही तोंड शिवून बसल्याने कुणी बरं होत नसतं."

घरी सासू दारातच लेकाच्या गालांवरून हात फिरवत होती. सुनेचा चेहरा पाहून ती हलक्या आवाजात म्हणाली की आज तरी तोंड पाडून बसू नकोस, त्याचं मन दुखलं की जाईल परत तिकडेच. वर्षभर सून हेच ऐकत आली होती. त्याला टोकू नकोस, दुखवू नकोस, जुनं उकरू नकोस. आधी त्याची दारू सांभाळली, आता त्याची शुद्ध सांभाळायची.

तिने पिशवी खाली ठेवली.

"त्रास दिला नाहीस तू?"

लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघालं. सासूचा हात जागच्या जागी थांबला.

"तुझ्यासाठी मी माझ्या बापाला इतक्यांदा आजारी पाडलं, की तो मरायला टेकला तेव्हा कुणाला पटलं नाही. मी पडदे शिवत बसले आणि तो गेला. हात उचलला नाहीस म्हणतोस. हात उचलला असतास तर निदान दाखवायला वळ तरी असता."

लिफ्टवाला दाराकडे वळला. त्याने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला.

सासूने कपाळावर हात मारून घेतला. जा त्याच्यामागे, म्हणाली, गुत्ता गाठायच्या आत आण त्याला. इतकी वर्षं तो असा गेला की ती मागे धावली होती. आजही तिचे पाय उंबऱ्यापर्यंत गेले. तिथून ती परत फिरली. तिने कुकर लावला.

दिवेलागणीला तो आला. सासू लगबगीने त्याच्या तोंडाजवळ नाक घेऊन गेली. "नाही प्यायलो, आई," तो म्हणाला. "गुत्त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. तिथून केंद्रातल्या बाईंना फोन केला."

मग तो बायकोसमोर जमिनीवर बसला. ती जेवत होती.

"त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "तू सांगशील?"

"सांगेन," ती म्हणाली. "सगळं सांगेन. आधी मला जेवू दे."

तिने आणखी भात वाढून घेतला. तो भिंतीला टेकून बसून राहिला. ती सावकाश, एकेक घास चावून जेवली.