माझे नाव 'हरवलेला मोजा'

मित्रांनो, घरात शिरल्यावर तुम्ही जिथे चपला काढता, तिथल्या भिंतीकडे एकदा बघा. माझा एखादा भाऊबंद तिथे टांगलेला असेल. काळा चपटा डबा, डोक्यावर दोन शिंगे आणि अंगावर लुकलुकणारे हिरवे दिवे. मी असाच एक जुना राउटर आहे. बाहेरच्या वायरीतून येणारे इंटरनेट घ्यायचे आणि हवेतून घरातल्या सगळ्यांच्या फोनपर्यंत पोचवायचे, हे माझे काम. म्हणजे होते. आता त्यातले अर्धेच माझ्याकडे उरले आहे. ते कसे, हे सांगावेसे वाटले म्हणून आज तोंड उघडले, नाहीतर मी आपला दिव्यांची उघडझाप करत बसणारा प्राणी.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या या टोकाला मी नुसती हिरवी पट्टी होतो, त्या टोकाला जाईपर्यंत मला अंग आले. शेवटी एका बाईने माझी शिंगे पिळून बसवली. ती काहीतरी गुणगुणत होती. तिने मला उजेडात धरून पाहिले, माझ्यावर हलकेच फुंकर मारली आणि खोक्यात ठेवले. तिला माझी आठवण असायचे काही कारण नाही, माझ्यासारखे ढिगाने तिच्या हाताखालून जात होते. मला मात्र ती फुंकर अजून आठवते. त्यानंतर माझ्यावरची धूळ झटकायचे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

या घरात मी आलो तो दिवस गोंधळाचा होता. जोडणीवाल्या काकांनी भिंतीला भोक पाडून वायर आत घेतली आणि मला दाराजवळ, चपलांच्या लाकडी कपाटाच्या वर टांगले. मग त्यांनी आईला विचारले, "वायफायला नाव काय देऊ?" आई विचार करू लागली. तेवढ्यात घरातली धाकटी एका पायात मोजा घालून रडत आली. "माझा मोजा हरवलाऽ!" काकांना हसू आवरेना. त्यांनी तेच लिहून टाकले, 'हरवलेला मोजा'. आई म्हणाली, "राहू दे, नंतर बदलू." ते नंतर कधी आलेच नाही.

त्या धाकटीला घरात सगळे ठेंगू म्हणतात. आज ती बाबांपेक्षा उंच आहे, पण नावाचे तसेच असते, एकदा चिकटले की चिकटले.

सुरुवातीला माझे काय कौतुक होते, काय सांगू! पाहुणे आले की पाण्याच्या आधी माझी चौकशी व्हायची. बाबा मोठ्या ऐटीत सांगायचे, "हरवलेला मोजा शोधा, सापडेल." मग सगळे खो खो हसायचे आणि मी आणखी जोरात लुकलुकायचो. आई शिवणकाम करते. तिच्या गिऱ्हाइकांचे झगे, बाह्या, गळे, सगळ्यांची चित्रे माझ्यातून आली. ठेंगूचा अभ्यास माझ्यातून झाला, आणि अभ्यास चालू आहे असे सांगून बघितलेली गाणीसुद्धा. मी चहाडी केली नाही.

मग घरात फोन वाढले, टॅब आला, टीव्हीलासुद्धा इंटरनेट लागू लागले. मी एकटा कुठे कुठे पुरा पडणार? मधे जाड भिंती, स्वयंपाकघरात फ्रीज आणि लोखंडी कपाट. पलीकडच्या खोलीत जाईस्तोवर माझा दम संपायचा. "नेट गेलं!" अशी आरोळी उठली की कोणीतरी तणतणत यायचे, मला बंद करून पुन्हा चालू करायचे, वर एक चापटही द्यायचे. माझ्या एका शिंगाला छत्री लटकू लागली, दुसऱ्याला किल्ल्या. मी मनातल्या मनात चडफडायचो, पण करतो काय?

तरीही दिवसातली एक वेळ अशी होती की मला कशाचेच वाईट वाटायचे नाही. उन्हे कलली की अण्णा यायचे. अण्णा म्हणजे बाबांचे वडील. त्यांची खोली अगदी मागे, जिथे मी पोचत नाही तिथे. म्हणून ते टॅब घेऊन माझ्याखाली चपलांच्या कपाटावर बसायचे आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, माईंना, व्हिडिओ कॉल लावायचे.

माईंना जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी या दोघा भावंडांनी आपली आपली हातांची भाषा तयार केली. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. नाक चिमटीत धरले की शेजारचे रागीट काका, कोपर खाजवले की 'मला कंटाळा आला'. ही भाषा जगात दोघांनाच येते. घरच्यांना त्यातले चार शब्द कळतात, तेवढेच. त्यामुळे आवाज चांगला येऊन त्यांचा काही उपयोग नव्हता, चित्रच नीट जायला हवे. चित्र अडकले की माईंचा हात हवेत तसाच राहायचा आणि अण्णा श्वास रोखून बसायचे. मी जीव तोडून ओढायचो. हात पुन्हा हलला की अण्णा वर बघून म्हणायचे, "शाब्बास रे." मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला 'शाब्बास' म्हणणारा तो एकच माणूस.

माईंनी मलाही शब्द दिला होता. अण्णांच्या डोक्यामागे मी दिसायचो ना! दोन बोटे डोक्यावर शिंगांसारखी धरायची आणि दुसऱ्या हाताची बोटे लुकलुकवायची, की झालो मी. कॉल संपताना त्या अण्णांना हात करायच्या आणि मग मला.

अलीकडे माईंना नीट दिसेनासे झाले. एक डोळा जवळजवळ गेलाच होता, दुसऱ्याचे ऑपरेशन ठरले. ऑपरेशननंतर त्या डोळ्यावर पट्टी राहणार. म्हणजे तेवढे दिवस त्यांना ऐकू यायचे नाही आणि दिसायचेही नाही. त्या फार घाबरल्या. त्यांची सून त्यांचे सगळे मनापासून करते, पण अंधारात बसलेल्या माईंशी ती बोलणार कशी? तेव्हा अण्णांना आठवले, लहानपणी दिवे गेले की ही भावंडे एकमेकांच्या तळहातावर दाबून बोलायची. त्या खुणा सुनेला शिकवायच्या आणि माईंना त्या पटतात का ते बघायचे, असे ठरले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, अण्णांच्या खोलीतल्या खिडकीत ऊन असेल तेव्हा. कारण माझ्याजवळच्या अंधाऱ्या बोळकांडीत अण्णांचे हात माईंना आता दिसत नव्हते.

म्हणून बाबांनी मेश वायफाय आणले. साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत, पांढरे तीन डबे. एक माझ्या शेजारी ठेवून आखूड वायरने मला जोडला, एक जिन्याच्या वर, एक थेट अण्णांच्या खोलीत. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असे हातोहात ते इंटरनेट पुढे देतात. बाबांनी त्यांना आमच्या आडनावाचे शहाणेसुरते नाव दिले. फोन लावून पाहिला, सगळे झकास चालले. मला असूया वाटली नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

बाबा औषधांच्या दुकानात काम करतात. कुठलीही गोष्ट हातात आली की आधी उलटी करून तारीख बघायची, ही त्यांची सवय. घरातला जाम, शाई, गोंद, काही त्यातून सुटत नाही. त्या ठरलेल्या दिवशी त्यांनी मला उलटे केले.

"अरे बापरे, केव्हाचा आहे हा! नवे आलेत, आता ह्याचं काय काम? मुदत संपलेलं घरात ठेवायचं नाही." त्यांनी माझ्या सगळ्या वायरी उपसल्या, मला भंगाराच्या खोक्यात टाकले आणि उशीर झाला म्हणून घाईघाईने दुकानात गेले. नेट तुटले की नव्या डब्यांचा दिवा लाल होतो, पण लगेच नाही, जरा वेळाने. तेवढ्या वेळात बाबा कोपऱ्यावरून वळलेसुद्धा.

वीज नसली की मला काही कळत नाही. मधले जे झाले ते मी नंतर आईच्या तोंडून ऐकले.

अण्णा खिडकीत बसले, धुतलेला सदरा घालून. टॅबवर काही येईना. नव्या डब्याचा दिवा लाल. ते उठून माझ्याकडे आले, तर भिंतीवर माझ्या आकाराचा स्वच्छ चौकोन आणि लोंबणारी वायर. ते चपलांच्या कपाटावर बसून राहिले. हाक मारली नाही. आईला शिवणाची घाई आहे हे त्यांना ठाऊक होते. आई पाणी प्यायला आली तेव्हा तिला ते दिसले.

"अण्णा, इथे का बसलात? खोलीत चालत नाहीये का?"

"काही नाही गं. येईल नेट." आणि मग टॅबकडे बघत, "ती वाट बघत असेल. ऊन उतरायला लागलंय."

मोबाइलचे नेटवर्क आमच्या घरात असून नसल्यासारखे. बाबांचा फोन लागेना. तिने ठेंगूला हाक मारली. ठेंगूने नवे डबे बंदचालू केले, लाल ते लालच. मग आईने दोरा कुठे तुटला हे शोधताना करते तेच केले. भिंतीतून आलेली वायर चिमटीत धरली आणि बोटाने पुढे पुढे जात राहिली. वायर मोकळ्या हवेत संपली.

"अगं, ही बाहेरून येते ती जायची कुठे?"

"जुन्यात," ठेंगू म्हणाली, आणि दोघी भंगाराच्या खोक्याकडे धावल्या.

शुद्धीवर आलो तेव्हा तिघे माझ्यावर वाकलेले होते. मला जागे व्हायला वेळ लागतो. त्या दिवशी तो वेळ मलाच सोसवेना. एकेक दिवा लागला, माझ्यापाठोपाठ त्या तिघा गुळगुळीतांचे लाल दिवेही पांढरे झाले. अण्णा खोलीकडे जवळजवळ पळालेच. कॉल लागला. माई दिसल्या, त्यांनी हात उचलला, आणि हात हवेतच राहिला.

ठेंगू आत जाऊन टॅब बघून आली आणि म्हणाली, "आई, टॅबला जुनंच नाव पाठ आहे. तो अजून इतक्या लांबून ह्यालाच धरून बसलाय. मी ह्याचं नाव नव्यांना देते आणि ह्याचं वायफाय बंद करते. दोघांनी एकाच नावाने हाका मारल्या तर टॅब गोंधळेल."

आतून अण्णांचा आवाज आला, "त्याला काढू नका हं पुन्हा!"

"नाही अण्णा! लाइन ह्याच्यातूनच येते. फक्त हवेतलं काम आता ते करतील."

मित्रांनो, मला वाईट वाटले. खरेच सांगतो, फार वाईट वाटले. इतकी वर्षे ज्या नावाने या घरात मला शोधले जायचे, ते दुसऱ्याला जाणार होते. पण तो हवेत अडकलेला हात मलाही दिसत होता. तो मीच अडवला होता, कारण माझी हाक टॅबला सोडत नव्हती. ठेंगूने आपल्या फोनवर दोन-तीनदा बोट टेकवले. माझा वायफायचा दिवा विझला. आणि माईंचा हात हलला.

पुढचे सगळे मी पाहिले. चित्र हवेत कोणीही नेवो, घराबाहेर जाते ते माझ्यातूनच. खिडकीतल्या उरलेल्या उन्हात अण्णांनी ठेंगूचा तळहात धरून एकेक खूण दाखवली. करंगळीवर टिचकी म्हणजे 'दुखतंय का'. मनगटापर्यंत रेघ म्हणजे 'पाणी हवं का'. एका ठिकाणी अण्णा चुकले, तर माईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि बरोबर खूण करून दाखवली. सगळे हसले. शेवटची खूण म्हणजे तळहाताच्या मधोमध अंगठा दाबून धरायचा. तिचा अर्थ 'मी इथेच आहे'. माईंनी डोळे मिटले. सुनेने त्यांच्या तळहातावर अंगठा दाबला. मिटल्या डोळ्यांनीच माईंनी मान हलवली, आणि अण्णांचा जीव भांड्यात पडला.

बाबा दुकानातून आल्यावर त्यांना सगळे ऐकावे लागले. त्यांनी औषधाच्या बाटलीवर लावतात तशी चिठ्ठी माझ्यावर चिकटवली. 'काढू नये'. छत्री आणि किल्ल्यांना वेगळा खिळा मिळाला.

आता मी गप्प असतो. फोन नव्या डब्यांकडे जातात. पाहुणे 'हरवलेला मोजा' शोधतात, त्यांना तो सापडतो, आणि तो मी नसतो. चपलांच्या कपाटावर कोणी बसत नाही. उन्हे कलली की सवयीने माझे लक्ष तिकडे जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तू कधीतरी काढाव्याच लागतात, मी काही अमर नाही. पण वायर उपसण्याआधी ती बोटाने धरून बघा, तिच्यातून कोणाचे काय जाते आहे. आणि घरात कोणी काही न बोलता कोपऱ्यात बसलेले दिसले, तर "काही नाही" या उत्तरावर पुढे जाऊ नका. आणखी एकदा विचारा.

माईंची पट्टी निघाली त्या दिवसाचे सांगतो आणि थांबतो. अण्णा आपल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. माईंनी आधी त्यांना डोळे भरून पाहिले. मग त्यांच्या डोक्यामागे पाहिले. तिथे नुसती खिडकी होती. माईंचा चेहरा उतरला. त्यांनी दोन बोटे डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हाताची बोटे लुकलुकवली.

अण्णा उठले. टॅब हातात धरून, स्वयंपाकघर ओलांडून, बोळकांडीतून माझ्यापर्यंत आले. खांद्यावरच्या पंचाने त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, उरलेली फुंकर मारून उडवली आणि टॅब माझ्यासमोर धरून मला माईंना दाखवले. मग टॅब चपलांच्या कपाटावर उभा करून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, आणि स्वतःच्या तळहाताच्या मधोमध अंगठा दाबून धरला.