किसलेलं सफरचंद

वहिनीला शिवणकारखान्यात जादा कामासाठी थांबावं लागलं, म्हणून नाइलाजाने तिने नणंदेला फोन केला. "वन्सं, आज पोरीला शाळेतून आणाल का? खायलाही द्या काहीतरी."

गेल्या वर्षी वहिनीच्या याच घरात या आत्याने पोरीच्या धाकट्या भावाला द्राक्षं दिली होती. वेफर्सपेक्षा फळ बरं, म्हणून. एक द्राक्ष त्याच्या घशात अडकलं आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं. त्यानंतर तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं.

आत्याबरोबर घरी येताच पोरगी दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात शिरली. "आत्या, पोटात कावळे ओरडतायत!"

आत्याने अर्धं सफरचंद सोललं, किसलं आणि वर चमच्याने ठेचलं.

"हे काय गं? मी काय तान्हं बाळ आहे?"

"गुपचूप खा. खाताना बोलू नकोस."

घास पोटात जाईपर्यंत आत्याची नजर पोरीच्या गळ्यावरून हलत नव्हती.

तेवढ्यात जादा काम लवकर उरकून वहिनी आली. वाटीतला लगदा बघून ती दारातच थबकली. मग तिने उरलेल्या अर्ध्या सफरचंदाच्या फोडी केल्या आणि ताटली आत्यापुढे धरली. "तुम्हीच द्या."

"माझ्या हातून नको गं."

"भीती मलाही वाटते, वन्सं. रोज वाटते. पण तिला भूक लागतेच ना."

आत्याने फोड दिली. पोरगी कचाकचा चावू लागली. दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिने आणखी मागितली, तेव्हा मात्र आत्याला देववली नाही. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.