पिलारला माहेरी धाडताना

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा आमच्या केळव्याच्या वाडीतलं धाकटं घर एका स्पॅनिश इंजिनिअरने भाड्याने घेतलं. तो सकाळी जीपने कामावर निघून जायचा आणि त्याची बायको पिलार दिवसभर माझ्या जिवाला घोर लावायची. भर दुपारी माडाखाली चटई टाकून झोपायची. वर नारळ लटकलेले, खाली नेमकं हिचं डोकं. हातवारे करून मी थकले.

शेवटी तिला समोर बसवलं. म्हटलं, नमस्कार-चमत्कार मला नकोत, 'हे कर' आणि 'ते करू नको' एवढंच तुझ्या भाषेत शिकव. हिंदी-मराठीची मोडतोड करत तिने शिकवलं. 'आय के' म्हणजे सगळ्यांनीच करायला हवं. 'देबेस' म्हणजे तू करावंस, त्यात तुझं भलं आहे. आणि 'तिएनेस के' म्हणजे तुला करावंच लागेल, सुटका नाही. पहिली दोन मी ऐकून सोडून दिली. भल्याचं सांगून कोण ऐकतं? 'तिएनेस के' मात्र जिभेवर बसलं. ऊठ, जेव, सावलीत ये, पाणी उकळून पी, सगळ्याला तेच.

"तुज्यासाटीच केल्याली बोली हाय ती," माझा नवरा भगवंत म्हणायचा.

पिलार हसायची, पण ऐकायची. माझ्या दोन मुलग्यांनी माझं कधी ऐकलं नाही. या पोरीचा मला लळा लागला, त्यात लाजायचं काय?

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. तिकडे हिची आई डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असेल आणि मी माझ्या मायेपोटी हिला इथे ठेवून घेतलं, तर ती बाई मला काय म्हणेल? पिलारवाचून माझा ओटा ओस पडणार होता. तरी मी मन घट्ट केलं. पानवेलीला पाणी घालता घालता वाक्य घोकलं आणि संध्याकाळी तिला सांगितलं, "तिएनेस के इर आ कासा दे तु माद्रे." तुला आईच्या घरी जावंच लागेल.

तिचा चेहरा उतरला. "तेंगो के?" मला जावंच लागेल?

"तिएनेस के," मी ठणकावलं.

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर येईना. प्रवासाची धास्ती घेतली असेल, होईल शांत, असं मी धरून चालले. रविवारी तिचा नवरा आमच्या अंगणात आला. साइटवर शिकलेल्या हिंदीत भगवंताला म्हणाला, "बोईसर में मकान देखा है. आपको तकलीफ है तो हम जाएगा."

"कैसा तकलीफ?"

"बाई ने बोला, माँ के घर जाओ. पिलार की माँ नहीं है. बचपन से नहीं."

एखादीला माहेरच नसेल, हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. मी तिला बाहेर काढतेय असंच तिला वाटलं, आणि दुसरं काय वाटणार होतं?

मी तशीच तिच्या घरात शिरले. ती ट्रंकेत कपडे भरत होती. मी तोंड उघडलं, तर जिभेवर पुन्हा 'तिएनेस के'च आलं. हुकूम सोडायला शिकले होते. विनवणी कशी करतात ते तिला कधी विचारलंच नव्हतं. शेवटी आपल्याच बोलीत म्हटलं, "जाव नको गं पोरी. रव."

तिने माझ्याकडे पाहिलं. "रवायला पायजे?"

"पायजे नाय," मी म्हटलं. "तुला वाटलं तर रव. माजी इच्छा हाय."

ती ट्रंकेवरच बसली आणि रडली. मीही रडले. मग तिचा हात धरून तिला आमच्या दारापर्यंत आणलं, उंबऱ्याबाहेर उभी केली. पायांवर पाणी घातलं आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला.

"हे काय?" तिने विचारलं.

"लेक बाळंतपणाला आईकडं आली का आमी असं करतो."

'लेक' आणि 'आई' हे दोन्ही शब्द तिला येत होते. पोट सांभाळत ती आत आली आणि मी काही सांगायच्या आधीच चुलीजवळ पाट ओढून बसली.