मारुतीच्या विहिरीतली तुरटी

अमडापुरात पटकीची साथ शिरली तेव्हा नागपूरच्या सरकारकडून आलेला लाल दवेचा डबा डॉक्टरांनी निवृत्तीच्या हाती दिला. काम सोपं होतं. दिवस मावळताना दवा बादलीत विरघळवायची आणि विहिरीत ओतायची. पाणी लालभडक व्हायचं. सकाळपर्यंत लाली उतरली की प्यायला मोकळं. निवृत्तीनं चार विहिरी इमानानं लाल केल्या. मारुतीच्या पाराजवळची तेवढी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीच्या पाण्यावर त्याच्या पोरीचं लग्न!

सकाळी लाली उतरली नाही तर? रोहिणखेडचे व्याही गुलाबी भात बघून काय म्हणतील? एवढ्या धास्तीपायी शहाण्या माणसानं माती खाल्ली. त्यानं विहिरीत तुरटीची पूड सोडली आणि गावाला सांगितलं, दवा टाकली. सकाळी पाणी कसं नितळ! व्याह्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि निवृत्ती मिशीवर ताव देत मांडवात फिरला.

चौथ्या दिवशी शेजारच्या रुखमाबाईची सून अंबू पटकीनं गेली. ती त्याच विहिरीचं पाणी भरायची. आपणच तिला मारलं, हे निवृत्तीला कुणी सांगायला नको होतं. तरी तोंड उघडायची छाती होईना. पोरगी सासरी नवी, व्याही काय म्हणतील? मेला तरी या माणसाला व्याहीच आठवायचे.

डॉक्टर पुन्हा डबा घेऊन आले, तेव्हा रुखमाबाई विहिरीच्या कठड्यावर ठाण मांडून बसली होती. मागे सगळी आळी.

"दवा टाकली होती ना? तरी माही सून गेली. आता टाकू देत नाही!"

"हाव, कोणत्याच इहिरीत नोको," शेषराव पाटील ओरडले. डॉक्टर सांगून सांगून थकले, पण कुणी ऐकेना.

आपण गप्प राहिलो तर आणखी तिरड्या उठणार, हे निवृत्तीला दिसत होतं. तो पुढं झाला.

"रुखमाकाकू, या इहिरीत म्या दवा टाकलीच नाही. तुरटी टाकली. लग्नाचं पाणी लाल होईन म्हून."

कुणीतरी शिवी हासडली. शेषराव त्याच्या अंगावर धावून गेले. रुखमाबाईनं हातानंच त्यांना थांबवलं.

"तुह्या पोरीले हळद माह्या अंबूनंच लावली होती रे," ती म्हणाली आणि कठड्यावरून उतरली. "टाक आता. माह्यासमोर टाक."

निवृत्तीच्या हातून डब्याचं झाकण निघेना. शेवटी ते तिनंच उघडून दिलं.