चार चमच्यांमधलं गवत

"माझे चमचे कुठायत?"

हेडली इस्पितळातून सुटला तो घरी न जाता कुबड्या टेकत थेट चर्चमागच्या दफनभूमीत आला. तीस वर्षं तिथलं गवत तोच कापतो. रविवारी चर्चमध्ये फुलांचा उत्सव, म्हणून या खेपेला मीच यंत्र फिरवलं होतं. मला वाटलं होतं, म्हातारा शाबासकी देईल.

"धुऊन ठेवलेत," मी म्हणाले. "गवतात कुणी टाकले होते कोण जाणे."

"मी खोवले होते, बेरिल. चार बाजूंना चार."

ताटाएवढा तो तुकडा दरवर्षी न कापलेला राहायचा. मला वाटायचं, हेडलीची नजर गेली.

"पण होतं काय तिथे?"

तो बाकावर बसला. "सहा वर्षांपूर्वी आमच्या हिला, माव्हिसला, तिथे पानं दिसली. म्हणाली, ऑर्किड आहे. फुलावर मधमाशी बसल्यासारखं दिसतं ना, ते. मी म्हटलं, कसलं ऑर्किड, तण आहे निव्वळ. पैज लागली. हरेल त्याने दुसऱ्याचे बूट महिनाभर पुसायचे. मग ती गेली. पानं यायची, फूल नाही. यंदा वीतभर दांडा आला, तीन कळ्या आल्या, आणि नेमका माझा गुडघा!"

"अहो, मग सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर अख्खं गाव बघायला येऊन तुडवून गेलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीमागे कापलेल्या गवताचा ढीग होता. कोपरापर्यंत हात घालून मी तो उपसला. डेझी, बटरकप, क्लोव्हर अशी रानफुलं, सगळं मऊ पडलेलं, आतून ऊबदार. तासाभराने एक दांडा हाती लागला. दोन कळ्या चेंगरल्या होत्या. तिसरी हिरवी, घट्ट मिटलेली.

हेडलीने ती घरी नेऊन अंडं ठेवायच्या वाटीत, पाण्यात उभी केली. "मेलंय ते," म्हणाला. पण वाटी खिडकीतच ठेवली.

रोज सकाळी मी त्याच्याकडे डोकावायचे. "काय म्हणतंय?"

"तोंड मिटून बसलंय. माव्हिस रुसल्यावर बसायची तसं."

पाचव्या दिवशी त्याने दार उघडलं तेव्हा गळ्यात टाय होता. खिडकीत तीन गुलाबी पाकळ्या, आणि त्यांवर तपकिरी, केसाळ, गुबगुबीत माशी. मी हळूच फुंकर मारली. माशी काही उडाली नाही.

"मीही फुंकर मारून बघितली," हेडली म्हणाला. "दोनदा."

माव्हिसच्या थडग्यापर्यंत वाटी मीच नेली. दगडासमोर चार चमचे खोवून मधोमध ती ठेवली. हेडलीने टोपी काढली.

"तूच जिंकलीस गं," तो म्हणाला. मग त्याने कोटाच्या खिशातून बुटांचा ब्रश काढला आणि दगडावरचं शेवाळ घासू लागला. नाव स्वच्छ झालं. त्याखालच्या ओळींपर्यंत त्याला वाकता येईना.

"इकडे द्या," मी म्हणाले, आणि गुडघे टेकून त्या ओळी घासल्या.

त्याने ब्रश परत घेतला, झटकला, खिशात ठेवला.

"उद्या दहाला ये," म्हणाला. "महिनाभराचं ठरलं होतं."