आत्याचं पदार्थविज्ञान

चिवीला वकील व्हायचं होतं, त्याबद्दल घरात दुमत नव्हतं. एकदा प्रश्न धरला की घोरपडीसारखी चिकटायची, म्हणून तर चिवट पोरीची ‘चिवी’ झाली होती. घोळ होता तो आधीच्या तीन वर्षांचा. बारावीनंतर लगेच कायद्याला जायचं नव्हतं. आधी कुठलीही एक पदवी घ्यायची होती, आणि ‘कुठलीही’ म्हटलं की माणूस हमखास गोंधळतो. बाबा म्हणाले, राज्यशास्त्र. मामा म्हणाला, अर्थशास्त्र. शेजारच्या काकांनी कुणी न विचारताच इतिहास सुचवला. चिवीने अर्जात राज्यशास्त्र लिहून टाकलं, पण अर्ज काही पाठवला नाही.

“आत्याला विचार,” आई शेवटी म्हणाली. “तीस वर्षं झाली तिला वकिली करून.”

आत्याचं ऑफिस कोर्टासमोर, तिसऱ्या मजल्यावर. खुर्च्यांवरसुद्धा फायली, बसायचं तर आधी एखादा खटला उचलून जमिनीवर ठेवावा लागे. आत्याने चिवीचा प्रश्न अर्धाच ऐकला आणि एक फाइल तिच्या हातात दिली. “हे वाच. उद्या उलटतपासणी आहे. मग बोलू.”

एका व्हॅनच्या ड्रायव्हरचा खटला होता, आत्या त्याची वकील. सकाळी एक सायकलवाला अचानक वळला, ड्रायव्हरने ब्रेक दाबले, तरी धडक बसली आणि सायकलवाल्याचा पाय मोडला. रस्त्यावर टायरच्या वीस मीटर फिकट खुणा उमटल्या होत्या. त्यावरून सरकारी तज्ज्ञाने वेग काढला होता ताशी चौसष्ट. मर्यादा पन्नासची. ड्रायव्हर मात्र गळ्याची आण घेऊन सांगत होता, पंचेचाळीसच्या वर काटा नव्हता.

चिवी वाचता वाचता रस्ता झाडणाऱ्या बाईच्या जबाबापाशी अडली.

“आत्या, ही बाई सगळीकडे ‘झाडला’, ‘कचरा काढला’, ‘खरवडला’ असं बोलते. आणि इथे एकदम ‘रस्ता स्वच्छ होता’? हा शब्द तिचा नाही वाटत.”

आत्याने चष्मा वर सरकवला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि पेन्सिलीने तिच्याखाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी चिवी कोर्टात मागच्या बाकावर बसली. उत्तर माहीत नसेल तर साक्षीदाराला प्रश्न विचारू नये, हा आत्याचाच नियम. आज तिने तो मोडला.

“बाई, त्या सकाळी तुम्ही रस्त्याचं नेमकं काय केलंत?”

“धुतला की! आदल्या दिवशी माती सांडली होती तिथे. पाइप लावून धुतला. धडक झाली तेव्हा ओलाच होता.”

“मग जबाबात ‘स्वच्छ’ कसं?”

“मी धुतला म्हटलं. लिहिणाऱ्या साहेबांनी स्वच्छ लिहिलं. मला वाटलं, एकच की ते!”

सरकारी वकील खुर्चीत सावरून बसले. आत्याने आवाजसुद्धा चढवला नाही. मग तज्ज्ञ पिंजऱ्यात आले, तेव्हा घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी ती त्यांच्याशी बोलली.

“घर्षणाचा आकडा तुम्ही कोरड्या रस्त्याचा घेतलात ना?”

“हो.”

“ओल्या रस्त्याचा किती धराल?”

“साधारण... निम्मा.”

“तो घालून इथेच गणित कराल? कागद देते.” तिने स्वतःचं पेनही पुढे केलं.

तज्ज्ञ प्रामाणिक माणूस. मान खाली घालून त्यांनी आकडेमोड केली, एकदा खोडली, पुन्हा केली. “ताशी पंचेचाळीस,” ते म्हणाले.

ड्रायव्हरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपल्या आत्याला आपण आजवर नुसतीच आत्या समजत होतो, असं चिवीला वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर तिने विचारलं, “तू वकिलीआधी पदवीला पदार्थविज्ञान घेतलंस, ते कोर्टासाठी?”

“छे गं! मला आवडायचं म्हणून. इस्त्री, रेडिओ, हाताला लागेल ते खोलून ठेवायची मी. तुझ्या आजीचा मारही खाल्लाय. कोर्टात ती सूत्रं आजवर दोनदाच लागली असतील. पण गणित चुकलं की लाज न धरता पुन्हा मांडायचं, ही सवय तिथली. ती रोज लागते.” मग ती थांबली. “तो शब्द माझ्या नजरेतून चार वेळा सुटला, चिवे. तुला पहिल्या वाचनात टोचला. आता मी वेगळं काय सांगू?”

घरी येऊन चिवीने राज्यशास्त्र खोडलं आणि भाषाविज्ञान लिहिलं.

बाबा चक्रावले. “भाषा तर तुला येतेच की! ती काय शिकायची?”

चिवीने कोर्टातली सगळी हकीकत सांगितली. बाबांनी नाक खाजवलं. बहिणीपुढे त्यांचं आधीच काही चालत नसे. आता मुलगीही त्याच वाटेने निघालेली दिसली. “तो ड्रायव्हर सुटला का?” एवढंच त्यांनी विचारलं.

पंधरा दिवसांनी तो सुटला. आणि पुढे कॉलेजात भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला प्राध्यापिकेने प्रत्येकाला विचारलं, इथे का आलात? चिवी म्हणाली, “मला वकील व्हायचंय.” वर्गात हशा पिकला. तीही मनापासून हसली, आणि वही उघडून बसली.